वाचक विचारतात : 'धोटा'ची गाणी आणि नायनांचे कान

गेल्या अंकात माझ्या पहिल्या अल्बमची, 'धोटा'ची, छोटी ओळख छापून आली होती. खाली चौकटीत 'गायिकेला प्रश्न विचारा' असं आवाहन होतं. पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं मी वाचलं, काही पत्रं दोनदा वाचली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांनी अजून ऐकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच : ७ गाणी, २९ मिनिटं, शब्द आणि चाली माझ्या. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. नायना, म्हणजे माझे वडील, ३२ वर्षं यंत्रमागावर होते. अम्मा अजून विड्या वळते.

'धोटा' म्हणजे नक्की काय? आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नाही.
— एक कुटुंब, नाशिक

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यांच्यामधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन जी लाकडी होडी इकडून तिकडे पळते ती धोटा. दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी, आणि कडेला एक बारीक डोळा, त्यातून सूत बाहेर येतं. नायनांचा एक जुना धोटा माझ्या टेबलावर असतो. दोन वितींना जरा कमी. लाकूड तेलाने आणि हाताच्या घामाने काळं पडलंय. फक्त जिथे अंगठा बसायचा तिथे उजळ आहे आणि जरासं खोलगट. पहिल्या गाण्याची पहिली ओळ मला त्या खळग्याकडे बघताना सुचली.

माझी अव्वा, म्हणजे आजी, दारात बसून कांड्या भरायची आणि मी तिच्या शेजारी पाटीवर अक्षरं गिरवायचे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीच्या तोंडाशी कानडी, किराणा दुकानात दखनी. दिवसातून दहा वेळा या काठावरून त्या काठाला जाणं व्हायचं. अल्बमसाठी नाव मी वर्षभर शोधत होते आणि ते टेबलावरच पडलेलं होतं.

गाणी मराठी म्हणता आणि मधेच तेलुगू शब्द येतात. ही भाषेची भेसळ नाही का?
— एक वाचक, पुणे

भेसळ हा शब्द मला लागला. म्हणून सविस्तर लिहिते.

आमची माणसं तेलंगणातून कैक पिढ्यांपूर्वी इथे आली, हातमाग घेऊन, मग गिरण्या आल्या, मग यंत्रमाग. ज्या सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे आणि जी तुमच्याही घरात कुठेतरी घडी घालून ठेवलेली असेल, ती विणताना मागावर बोलली गेलेली भाषा बहुतेक वेळा तेलुगू होती. आणि या गावाचं दैवत कोण? सिद्धरामेश्वर. १२व्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, आणि त्यांनी वचनं लिहिली ती कानडीत. जानेवारीत, संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलत माणसं निघतात आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा घोष होतो, तेव्हा त्या गर्दीत कुणाची घरची भाषा कुठली हे मी तरी कधी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

आता माझ्या गाण्यांचं. अख्ख्या अल्बममध्ये तेलुगू शब्द तीन आहेत : नायना, अव्वा आणि उय्यालो. पहिले दोन मी बदलू शकत नाही. माझ्या वडिलांना मी आयुष्यात कधी 'बाबा' म्हटलेलं नाही, गाण्यात कसं म्हणू? तिसरा शब्द बतुकम्माच्या गाण्यांतला. पितृ अमावास्येपासून नऊ दिवस आमच्याकडे बायका ताटात फुलांची उतरंड रचतात. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू. ती मधोमध ठेवून टाळ्या वाजवत गोल फिरतात. एकजण ओळ सांगते, बाकीच्या 'उय्यालो' म्हणून झेलतात. उय्याला म्हणजे झोका. सहाव्या गाण्यात मी ओळ मराठी ठेवली आहे आणि झेल तसाच ठेवला आहे. गल्लीतल्या अकरा बायका त्यात गायल्या आहेत. त्यातल्या एकीनेही मला विचारलं नाही की हे मराठी की तेलुगू.

पाढे मी मराठीत म्हणते. ताप आला की कण्हते तेलुगूत. दोन्ही माझंच आहे.

मी अकरावीत आहे. माझ्याकडे मोबाइल आणि उसनं गिटार आहे. स्टुडिओ परवडत नाही. तुम्ही कुठे रेकॉर्ड केलं?
— एक विद्यार्थिनी, अक्कलकोट

तुझ्यासारख्याच खोलीत केलं. दहा बाय बारा, वर पत्रा. मी जे चुकत चुकत शिकले ते तुला सरळ सांगते.

पहिला शत्रू खोलीचा घुमारा. उघड्या भिंतींवर आवाज आपटतो आणि डब्यात गायल्यासारखं येतं. मी दोऱ्या बांधून चादरी टांगल्या, जुन्या, जाड, दुहेरी. सुरुवातीला भिंतीला लागून टांगल्या होत्या, फार फरक पडला नाही. मग भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या आणि एकदम बदल झाला. भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल जवळपास थांबलेली असते, तिथे कापड काही शोषू शकत नाही. थोडं पुढे आलं की शोषतं. खालचा, घुमणारा खर्ज मात्र चादरीला दाद देत नाही. त्यासाठी मी कापसाच्या गाद्या गुंडाळून चारी कोपऱ्यांत उभ्या केल्या.

माइक तोंडापासून वीतभर. 'प' आणि 'फ'चा फटका बसू नये म्हणून तोंड सरळ माइकवर रोखू नकोस, जरा तिरकं धर. गाताना आवाजाची पट्टी लाल रेषेला लागू देऊ नकोस. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. मागाचा आवाज घ्यायला मी मोबाइल घेऊन कारखान्यात गेले तर नुसती खरखर आली, इतका तो मोठा. मग मोबाइल टॉवेलमध्ये दोन वेढे गुंडाळला आणि चार हात लांब ठेवला. तेच रेकॉर्डिंग अल्बममध्ये आहे.

पंखा बंद ठेवावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३च्या पुढे जातो. मी पहाटे चार ते सहा गायले. या वेळेला गल्ली झोपलेली असते आणि गळा जरा खाली असतो, त्यामुळे काही गाणी मला अर्धी पट्टी उतरवावी लागली. ती उतरल्यावर जास्त खरी वाटली.

तू फक्त एक गाणं पूर्ण कर. दहा अर्धवट ठेवू नकोस.

चौथ्या गाण्यातल्या टाळ्यांचा ताल मला धरता येईना. सात म्हणावं तर सात नाही, आठ म्हणावं तर आठ नाही. हा कुठला ताल?
— तबला शिकवणारे एक वाचक, लातूर

गुरुजी, तुम्ही एवढं लक्ष देऊन मात्रा मोजल्यात यानेच मला भरून आलं. तो ताल कुठल्या शास्त्रातला नाही. तो मोराचा आहे.

चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. १८०४च्या सुमाराला फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी हे यंत्र बसवलं, आणि ती युक्ती आमच्या गल्लीत आजही चालते. पुठ्ठ्यावर भोक असेल तर आकडा वर उचलला जातो आणि त्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेरी. माळ संपली की पुन्हा पहिला पुठ्ठा येतो, म्हणून नक्षी पुन्हा पुन्हा येते. गाण्याच्या ध्रुवपदासारखीच.

भंगारात निघालेली एक माळ मला मिळाली. मोराची नक्षी. पुठ्ठे मळलेले, कडा दोऱ्याने शिवलेल्या, एका ठिकाणी कुणीतरी चुकीचं भोक कागद चिकटवून बुजवलेलं. एका रात्री ती माळ जमिनीवर पसरली आणि एकेक ओळ बोटाने वाचत गेले. भोक आलं की टाळी, नाही आलं की गप्प. मोराच्या मानेपाशी टाळ्या दाट होतात, पिसाऱ्याकडे जाताना विरळ. म्हणून तुम्हाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही. सम आहे, पण ती २३ ओळींनंतर येते, जिथे माळ जोडली आहे तिथे. पुन्हा ऐकलंत तर तिथे हलगीचा एकच ठोका लागेल.

आणि ते बुजवलेलं भोक मी टाळी म्हणून घेतलेलं नाही. ज्याने कागद चिकटवला त्याचा निर्णय मला मोडवेना.

तुमचे गुरू कोण? प्रेरणा कुणाची?
— पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ येथील वाचक

पेटी मी एका शेजारच्या काकांकडून शिकले, सा रे ग म पासून. त्यापुढचं शिक्षण ऐकून ऐकून झालं. आकाशवाणीचं सोलापूर केंद्र घरात दिवसभर लागलेलं असायचं, कारण विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे.

पंढरपूरच्या वाचकांना वेगळं काय सांगू? जनाबाई. दळता-कांडताना गाणं करणारी बाई आमच्याच जिल्ह्याच्या वाळवंटात वावरली, या गोष्टीने मला फार बळ दिलं. काम बाजूला ठेवून मग कविता, असं तिचं नव्हतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी मी रात्र रात्र ऐकल्या. ओवीचा शेवटचा चरण जरा आखूड असतो, तिथे जातं ओढायला श्वास मिळतो. दुसऱ्या गाण्यात मी तेवढीच जागा सोडली आहे, पण जात्याऐवजी तिथे अम्माची कात्री वाजते. ओल्या फडक्यातलं तेंदूचं पान काढायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. कात्रीचा 'कर्र' आणि दोरा ओढल्याचा 'सुर्र' यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो तेवढ्यात माझी एक ओळ बसते. त्या गाण्याचं नाव 'छाट'. कारखान्यात तपासताना ज्या विड्या बाजूला टाकतात त्यांना छाट म्हणतात, आणि अम्माच्या हातांना त्यांचा मोबदला मिळाला नाही.

आणखी एक नाव घेते. शाहीर अमर शेख, जन्म १९१६, बार्शी. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात होते. त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नववीत होते, आणि आपल्या जिल्ह्यातून असा आवाज निघू शकतो हे मला कुणी आधी का सांगितलं नाही, याचा राग आला होता.

यातून पोट भरतं का? हक्कांचं काय करायचं?
— छत्रपती संभाजीनगर, जळगाव, कोल्हापूर

नाही भरत. मी दिवसा शिकवण्या घेते. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्या ॲपवरून जे आलं त्यात माइकची वायरही आली नसती. स्पॉटिफायवर गाणं निदान ३० सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं, आणि २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच धरत नाहीत. माझी दोन गाणी त्या रेषेच्या वर आहेत, पाच खाली.

पण हक्कांबद्दल मात्र नव्या मुलामुलींनी डोळे उघडे ठेवावेत. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. शब्द आणि चाल यांचा हक्क आपल्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मला एका कंपनीने करार पाठवला होता, एकरकमी पैसे आणि सगळे हक्क कायमचे त्यांचे. रक्कम बघून घरात दोन दिवस चर्चा झाली, कारण तेव्हा गरज होती. ओळखीच्या वकीलताईंनी दोन गोष्टी दाखवल्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, म्हणून 'कायमचे' हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला होता. मी सही केली नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासून चालू असलेल्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घेतलं. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो, तो मिळाला की वहीत लिहून ठेवा. तेच तुमच्या रेकॉर्डिंगचं आधार कार्ड.

मुंबई-पुण्याला कधी जाणार?
— बरेच जण

कार्यक्रमाला बोलवा, येते. राहायला नाही. इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कधी रात्री अडीचला, आणि त्या वेळी अख्खी गल्ली घागरी घेऊन जागी असते. पाचवं गाणं त्या अडीचचं आहे. ते मला दुसरीकडे कुठे सुचलं असतं?

मी ४० वर्षं मागावर काढली. त्या खटखटाटाने माझे कान गेले. तुम्ही तोच आवाज घेऊन गाणं केलंत आणि लोक टाळ्या वाजवतात. बाई, तो आवाज सुंदर नव्हता. तुम्हाला असं करताना काहीच वाटलं नाही?
— एक निवृत्त कामगार, सोलापूर

काका, तुमचं पत्र मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. तो आवाज सुंदर नव्हता, आणि मी त्याला सुंदर म्हटलेलं नाही.

कायद्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायला माणसं हातांनी खुणा करतात, एवढ्यावरून ती मर्यादा कुठे राहिली ते तुम्हाला मी सांगायला नको. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पहिला घाव ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या, तीक्ष्ण आवाजांवर बसतो. म्हणजे माणूस बहिरा दिसत नाही, त्याला आवाज येतो, पण शब्दांतली स, श, च, फ ही अक्षरं गळून पडतात. नायनांचं तसंच आहे. कित्येक वर्षं घरात सगळ्यांना वाटायचं की ते लक्ष देत नाहीत. त्यावरून भांडणं झाली. माझीही झाली.

अल्बममधलं पहिलं गाणं मी त्यांच्यासाठी लिहिलं. पहिला मसुदा होता 'सोसला सारा शीण या शहराने'. मी समोर बसून गायले. नायना लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, ''आरा कुठून आला गाण्यात? करवतीचा?'' 'सारा'तला स त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी त्यांच्यासाठी लिहिलेल्या गाण्यातला निम्मा भाग त्यांना ऐकूच येणार नव्हता.

त्या रात्री मी वही उघडली आणि ती अक्षरं टाळायला लागले. म, न, ल, व, ग, ब, र यांसारखी अक्षरं आणि मोठे स्वर यांच्यावरच उभं राहायचं ठरवलं. फार अवघड गेलं. 'श्वास' गेला, 'सूत' गेलं, 'चादर' गेली, सोलापूरचं नावसुद्धा गेलं. तीन आठवड्यांनी दोन ओळी हाताला लागल्या :

ऊन आलं दारी रे, माग बोलू लागला
एक धागा ओला अन् एक वाळू लागला

रंगवून आणलेलं सूत तसंच असतं, अर्धं वाळलेलं, तुम्ही पाहिलं असेल. या ओळी नायनांनी पहिल्याच फेरीत जशाच्या तशा मला म्हणून दाखवल्या. तेव्हापासून सातही गाण्यांच्या ध्रुवपदांत मी हा नियम पाळला आहे. बाकी श्रोत्यांना ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ती ध्रुवपदं तुमच्या आणि नायनांच्या कानांना मोजून शिवलेली आहेत. तुम्ही ऐकताना शेजारी कुणाला बसवू नका, शब्द विचारू नका. येतात का ते बघा, आणि आले नाहीत तर मला कळवा.

मागाचा आवाज मी घेतला, कारण त्याच्याशिवाय हे गाणं खोटं झालं असतं. तो तिसऱ्या गाण्यात गाण्याच्या वरचढ जातो, शेवटचं कडवं त्यात बुडतं. काहींनी लिहिलंय की तिथे मिक्सिंग चुकलंय. चुकलेलं नाही.

तुम्ही विचारलंत, काही वाटलं नाही का. वाटलं. पूर्ण अल्बम नायनांना ऐकवायच्या दिवशी माझे हात गार पडले होते. तिसरं गाणं लागलं. मागाचा ठोका त्यांना नीट ऐकू येतो, तो खाली असतो ना. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते उठून जातील. त्यांनी हात वर करून गाणं थांबवायला सांगितलं, पुन्हा तोच तुकडा लावायला लावला, मग परत एकदा. मग विचारलं, हे कुठल्या कारखान्यात घेतलं. मी सांगितलं.

''दाराकडून तिसरा माग,'' ते म्हणाले. ''डावीकडचा पट्टा ढिला झालाय, ठोका उशिरा पडतोय. आत्ता फोन कर त्यांना. धोटा उडेल, कुणाच्या तरी डोळ्याला लागेल.''

मी फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा बदलला.